बंगल्यातल्या बाईची पोथी

कादंबरी वाचून माणूस सुधारतो असं म्हणणारे लोक मला आजही भेटतात. व्याख्यानं देतात, गळ्यात हार घालून घेतात. मी मुकाट ऐकते, कारण वय झालं आहे आणि भांडायला दम लागतो. पण मनात म्हणते, बाप्पा, तू आमच्या गावात एकदा यायला पाहिजे होतं. मी एक कादंबरी वाचून दाखवली होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि ऐकणाऱ्या बाया पदराला डोळे पुसून पुसून थकल्या होत्या. त्यातून काय निघालं ते सांगते.

माझं सासर सावलीजवळच्या एका खेड्यात. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा, गडचिरोली वेगळी झालेली नव्हती. लग्न झालं ते पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांत. वडील मास्तर, म्हणून मी सातवी झालेली, आणि सासरच्या आळीत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच. त्याचं कौतुक कोणाला होतं असं समजू नका. रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, माझी ओळ वाकडी गेली की बाया म्हणायच्या, "शिकेल हाये ना व ते, तिले पाटीवर लिहिता येते, बांधीत परे लावता येत नाई." मी ऐकून घ्यायची. जीभ तेव्हाही तिखटच होती, पण डोक्यावर पदर होता.

आमच्या घरी एक रीत होती. रोवणा आटोपला, बायांचे पाय चिखलातून निघाले, की भादव्यात दुपारी पोथी लागायची. पडवीत पाट मांडायचा, पोथीवर फूल वाहायचं. ऐकायला येणारी बाई मूठभर तांदूळ आणून पाटापुढे ठेवणार आणि मग काहीतरी हातकाम घेऊन बसणार. नियम कडक होते. एकदा लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही. ऐकणाऱ्यानं मधून मधून "हूं" म्हणून हुंकार द्यायचा, नाही तर वाचणाऱ्याची मेहनत वाया जाते. आणि संपली की फळ सांगायचं, म्हणजे या ऐकण्यानं ऐकणाऱ्याचं काय बरं होईल ते. आधी शेजारच्या गावचे एक म्हातारे वाचायला यायचे. ते वारले आणि पोथी माझ्या गळ्यात पडली.

त्या वर्षी पोथी काढायला फडकं सोडलं तर आत भुगा. उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाऊन टाकली होती. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. नवी आणायची तर चांद्याला जावं लागणार, आणि नाले भरलेले, वाट बंद. पोथी चुकली तर घराला बरं नाही. तेवढ्यात त्यांना माझी पेटी आठवली.

"तुह्या पेटीत एक जाडं पुस्तक हाये ना? कायचं हाये ते?"

"एका बाईची गोष्ट हाये, आत्याबाई."

"दुःखाची हाये का?"

"लय दुःखाची."

"मंग काय पाहिजे?" त्या म्हणाल्या. "पोथीत तरी दुसरं काय असते?"

असं ते पुस्तक लाल फडक्यात गेलं. माझ्या भावानं ते मला लग्नात दिलं होतं. तो चांद्याला नोकरीत होता. त्यानं ते स्वतःसाठी घेतलं, अर्ध्यात भ्याला आणि बहिणीला देऊन मोकळा झाला. गोष्ट अशी. एक श्रीमंत, सभ्य, मऊ बोलणारा माणूस. त्याचा डोंगरावर बंगला. गाणं शिकवणारी एक बाई त्याच्या मनात भरते आणि तो तिला बंगल्यात आणून कोंडतो. मारत नाही, हात लावत नाही, नुसतं जपतो. खिडक्या ठोकून बंद करतो आणि त्या फळ्यांवर आतून चित्रं काढतो. आंब्याचं झाड, वाट, घरी येणारी गुरं. ऋतू बदलला की चित्रही बदलतो, म्हणजे तिला बाहेरची आठवण येऊ नये. मी हे माहेरी, अंगणात, भर उन्हात वाचलं होतं आणि तरी मला हुडहुडी भरली होती.

आता शेजारीण. आमच्या पडवीची मागची भिंत म्हणजे शेजाऱ्याच्या सांदवाडीचा, म्हणजे घरामागच्या बंद परसाचा, कूड. बांबूच्या ताट्या आणि वरून माती. एका ठिकाणी बांबू सडून भोक पडलं होतं. त्या भोकातून मला ती पहिल्यांदा दिसली, म्हणजे तिचा एक डोळा दिसला. माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. माहेर वैनगंगेपलीकडचं, चामोर्शीकडचं. तिचा नवरा वयानं बराच मोठा, पहिली बायको तापानं गेलेली. दुसरीवर त्याचा जीव असा की गावात त्याचे दाखले द्यायचे. शेतावर निघाला की बाहेरून दाराला कुलूप. आमच्या गावात तेव्हा कोणाच्या दाराला कुलूप नव्हतं, दाराला साखळी घातली तरी पुष्कळ. तिला विहिरीवर जायचं नाही, रोवण्याला जायचं नाही, बाजार नाही. पाणी तो स्वतः भरायचा. बाप्या माणूस डोक्यावर घागर घेऊन चालला की विहिरीवरच्या बाया कामं सोडून पाहायच्या. कासारीण दारात आली तर तो बांगड्या बाहेरच निवडून घ्यायचा आणि आत जाऊन स्वतःच्या हातानं भरायचा.

"किती जीव लावते व," बाया म्हणायच्या. "आमच्या धन्यानं कधी तांब्याभर पाणी तरी देल्लं का?"

लग्नानंतर ती माहेरी गेली नव्हती. तिची माय वारली तेव्हाही नाही. ते तिनं मला भोकातून सांगितलं. तो तिच्याजवळ बसून रडला म्हणे, खरंखुरं रडला. आणि मग म्हणाला, "मी तुह्यासंग रडलो ना? मंग आता तिथी जाऊन काय करतेस?" हे ऐकलं तेव्हा मला ते पुस्तक आठवलं. मी तिला ती गोष्ट थोडक्यात सांगितली. तिनं डोळा भोकाच्या आणखी जवळ आणला. मग म्हणाली, "म्हंजे हे लिहिलं हाये कोणी?"

तिच्या भावानं निरोप पाठवला होता की पूर उतरला, नदीवरचा डोंगा सुरू झाला की तो येईल आणि जातीचे पंच बसवील. आमच्यात नवरा-बायकोचं भांडण पंचांपुढे गेलं की पंच शेजारच्या बायांना विचारायचे, कारण घरातलं बाप्या माणसाला काय कळणार. आणि आळीत माझ्या सासूबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. शेजारीण म्हणाली, "तुह्या आत्याबाईनं एकडाव म्हटलं ना, का पोरीले जाऊ द्या, तं माही सुटका हाये. पन मी कोणत्या तोंडानं सांगू? मारत नाई, उपाशी ठेवत नाई. सांगाले काई हायेच नाई मायाजवळ."

सांगायला तिच्याजवळ नव्हतं, पुस्तकात होतं. आम्ही दोघी तिथं एकदम शहाण्या झालो. बायांनी एकदा त्या बंगल्यातल्या बाईचं दुःख ऐकलं की त्यांना भिंतीपलीकडची दिसेल, मग पंच विचारतील तेव्हा त्या बरोबर ते बोलतील. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मी इथीच बसतो."

पडवीत पाच-सहा जणी जमायच्या. सासूबाई वाती वळत. ढिवरांच्या मोहल्ल्यातली एक बुडी जाळं विणत बसे, तिला दात नव्हते पण कान तिखट होते. आणि कोतवालाची बायको, जिचा आवाज बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरूनही ऐकू येई. पहिल्या दिवशी मी बंगल्याचं वर्णन वाचलं तर प्रश्नांवर प्रश्न. खोल्या किती? पाणी कोण भरते? स्वयंपाक?

"सगळं नोकर करतात," मी म्हटलं.

"मंग तिले काम काय?"

"काहीच नाही."

कोतवालाच्या बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मले बी कोंडा व कोणी एकडाव," ती म्हणाली, आणि सगळ्या खदाखदा हसल्या. माझी सासूसुद्धा. भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. माझ्या अंगाची लाही झाली, पण पोथी लागली होती, उठता येत नव्हतं.

मग खिडक्या आल्या. तिथे हसणं थांबलं. तो माणूस ब्रश घेऊन शांतपणे आंब्याला मोहर काढतो, आणि ती मागे बसून पाहते, आणि तो विचारतो, "मोहराचा वास आला?" आणि ती हळूच मान हलवते, हे मी वाचलं आणि बुडीचा जाळ्यावरचा हात थांबला.

"म्हंजे पान हालत नाई?" तिनं विचारलं.

"कसं हालेल? चित्र आहे."

"वारा बी नाई?"

"नाही."

बुडीनं जाळं गोळा केलं आणि ती उठूनच गेली. दुसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजवून. म्हणाली, डोळा मिटला का ते झाड दिसे आणि त्याचं पान काई केल्या हालेच ना. कोतवालाच्या बायकोनं सांदवाडीत एकटीनं जाणं सोडलं, पोरीला संगं नेऊ लागली. सासूबाईंनी पाटाजवळ लिंबू ठेवलं. लहान लेकरांना पडवीत यायला बंदी झाली. आणि शिव्या काय दिल्या त्या माणसाला, "मुडदा पडो त्याचा, हातात किडे पडो मेल्याच्या." गाणं शिकवणारी बाई भिंतीला डोकं टेकून आपल्या आईला हाक मारते तिथे तर मलाच वाचवेना. सगळ्या रडत होत्या. हुंकार देता देता रडत होत्या.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, लागलं, बरोबर ठिकाणी लागलं. त्यात एका दुपारी भिंतीपलीकडूनही "हूं" आलं. बुडीनं कान टवकारले.

"तिकून कोन हुंकार देते?"

"शेजारची पोरगी हाये," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू दे बिचारीले. तिले बी पुन्य लागन."

बिचारी म्हणाल्या. मी तो शब्द पकडून ठेवला. बाया गेल्यावर वाती गोळा करता करता मी हळूच विचारलं, "आत्याबाई, असं कोंडून ठेवलेलं आपल्या गावात बी कोणी असन का हो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू विचारताहेत, हिला सातवी कोणी पास केली. "अवं, आपल्या गावात बंगला कुठी हाये?"

 

पोथी अर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा एकदा शेजारी शेतावरून लवकर आला. कुलूप काढायच्या आधी आमच्या अंगणात आला, पडवीच्या बाहेर खांबाला टेकून बसला. बायांनी पदर पुढे ओढले. कोणी त्याला ऊठ म्हणालं नाही, पोथी ऐकायला आलेल्याला ऊठ म्हणत नाहीत. मी वाचत होते तो भाग नेमका असा: ती बाई खिडकीवरच्या चित्रातला एक कोपरा नखानं खरवडते, फळीत बोटाएवढी फट सापडते, आणि त्या फटीतून ती खाली दूध घालायला येणाऱ्या गवळणीशी बोलू लागते. मी आवाज बारीक केला, पण शब्द कसे गिळणार? मान खाली घालून तो ऐकत होता. संपलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"मानूस चांगला हाये तो," तो सासूबाईंना म्हणाला. "त्याले समजून घेनारी भेटली नाई."

पाटापुढे वाकून नमस्कार केला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी भोक लिंपलेलं होतं. चांगली शेण-माती कालवून, बोटं फिरवून, सफाईनं. आळीत काही लोक पुढे म्हणाले की तूच वाचलं आणि तूच तिचं भोक बुजवलं. मी हे मानत नाही. मी पुस्तक वाचलं. माती त्यानं कालवली. ज्याचं त्याच्या पदरात घालावं माणसानं.

त्यानंतर तिच्याशी बोलणं बंद झालं. कूड वरून उघडा होता तेवढ्यातून आवाज जाई-येई, पण ओरडून बोलणार काय आणि कोणासमोर? फक्त हुंकार येत राहिला. मी तेवढ्यावर वाचत होते. बाया आता अशा गुंतल्या होत्या की ऊन उतरायच्या आधीच येऊन बसायच्या. "सुटते का नाई व ते? एवढं सांग," कोतवालाची बायको रोज विचारी, आणि मी सांगत नसे. मला वाटे, ही आच अशीच राहू दे, पंच बसेपर्यंत राहू दे.

शेवट मला माहीत होता. मला तो आवडत नव्हता, पण भीती नव्हती. उलट वाटत होतं की तो शेवट ऐकूनच या बाया पेटतील. शेवटी काय होतं? एक दिवस तो माणूस दार उघडं टाकतो आणि बाजूला उभा राहतो. म्हणतो, जा. ती दारापर्यंत जाते. बाहेर खरं झाड आहे, त्याची पानं हलताहेत. ती जरा वेळ पाहते, मग तिला ते पान हलणं सहन होत नाही. ती वळते, त्याचं जेवणाचं ताट वाढून आणते, त्याच्यापुढे ठेवते आणि स्वतःच्या हातानं दार लोटून घेते. माणसाला आतून कसं पोखरून टाकता येतं, त्याची याहून भयंकर गोष्ट मी आजवर वाचली नाही. मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. वाचून मी मान वर केली.

बाया हसत होत्या. म्हणजे खिदळत नव्हत्या, गालातल्या गालात, लग्नघरी पाठवणी नीट झाली की हसतात तशा. कोतवालाच्या बायकोनं मोठा श्वास सोडला. "झालं व बाई. मले तं वाटलं मरते का काय."

"शायनी झाली शेवटी," बुडी म्हणाली. "घर सांभायलं तिनं. उगा रडवलं आमाले येवढे दिवस."

"अवं पन ती सुटली नाही," मी म्हटलं. "दार उघडं होतं आणि ती गेली नाही."

"कुठी जाईन?" सासूबाईंनी विचारलं. खरंच विचारलं, उत्तर पाहिजे म्हणून. "गाणं शिकवत फिरन का पुन्हा?"

मग त्यांनी फळ सांगितलं. छापील पोथीत ते शेवटी असतं. इथे नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनानं जुळवलं. हात जोडले, डोळे मिटले, बायांनीही मिटले. "तिले जसं घर लाभलं, तिची जशी घडी बसली, तशी ऐकनारीची बसो," त्या म्हणाल्या. मग थांबून भिंतीकडे तोंड केलं आणि मायेनं म्हणाल्या, "भिंतीआडून ऐकनारीची बी बसो." सगळ्यांनी हूं म्हटलं. पलीकडून मात्र त्या दिवशी हुंकार आला नाही. बाया उठल्या, तांदूळ गोळा केले, त्यांची खीर झाली. मी ती खाल्ली नाही.

पूर उतरला आणि तिचा भाऊ आला. ओठावर नुसती मिशी फुटलेला, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. पंच शेजाऱ्याच्याच अंगणात बसले. दार उघडलं होतं, ती उंबऱ्याच्या आत पदर घेऊन बसली होती. तिला उजेडात मी पहिल्यांदा पूर्ण पाहिली. शेजारी शांत होता. त्यानं आतून तिला घेतलेली लुगडी आणून पंचांपुढे ठेवली, बांगड्यांची पेटी ठेवली. भांडला नाही, आवाज चढवला नाही.

मोठ्या पंचानं तिला विचारलं, "बाई, तुही तक्रार काय हाये?"

"मले घरी जायचं हाये."

"हे घर नाई का?"

"मले बाहेर जायचं हाये."

"बाहेर म्हंजे कुठी?"

"कुठी नाई. नुसतं बाहेर."

पंच एकमेकांकडे पाहून हसले. वाईट नाही हसले, लेकराच्या बोलण्याला हसतात तसे. भाऊ काही बोलायला गेला तर त्याला हातानं बसवलं. मग सासूबाईंना विचारलं. हा तिले मारते का? नाई. उपाशी ठेवते का? नाई, पानी बी तोच भरते. दुसरी बाई हाये का त्याची? नाई गा भाऊ, हिच्यावाचून त्याले काई दिसत नाई. आणि कुलूप? सासूबाई म्हणाल्या, "जीव हाये त्याचा."

एक शब्द खोटा नव्हता. मग मला राहवलं नाही. नवी सून पंचांपुढे बोलत नसते, पण मी उभी राहिले. म्हटलं, "आत्याबाई, त्या बंगल्यातल्या बाईसाठी तुम्ही रडल्या ना? ती आणि ही वेगळी आहे का? तिला बी तो मारत नव्हता. तिला बी लुगडी आणत होता. तुम्ही मेल्याच्या हातात किडे पडो म्हटलं होतं."

सगळं अंगण माझ्याकडे पाहत राहिलं. एका पंचानं विचारलं, कोणती बाई, कोणत्या गावची? बुडीनं त्याला समजावलं की पोथीतली. पंच म्हणाला, हां.

सासूबाई माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "ते येगळं हाये पोरी. ते पोथी हाये, पोथीत रडाच लागते." आणि पंचांकडे वळल्या. "हिचं बी बरं होईन आता. हिनं पूर्न पोथी ऐकली हाये, एक दिवस चुकवला नाई. फय सांगतानी मी हिच्यासाठी बी मांगलं हाये."

"पूर्न ऐकली ना?" मोठ्या पंचानं विचारलं.

"पूर्न."

"मंग झालं," तो म्हणाला.

ठरलं असं की तिनं नांदावं आणि भावानं दिवाळीला येऊन भेटून जावं. शेजाऱ्यानं मेहुण्याला जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाही. स्वतः वाढलं, आग्रह केला, भाताचा दुसरा ढीग घातला. तो पोरगा मान खाली घालून जेवत होता आणि डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. मग नदीकडे निघून गेला. दिवाळीला आला नाही. का आला नाही ते मला कधी कळलं नाही.

दोन-चार दिवसांनी दुपारी बाया परत आमच्या पडवीत. हातात तांदळाच्या मुठी. बुडी पुढे होती. "दुसरं काढ व एखांदं," ती म्हणाली. "असंच, भेवाचं. करमत नाई आता."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, दुसरं पुस्तक नाही, आणि असतं तरी तुमच्यापुढे वाचलं नसतं. म्हशीपुढे बसून वाचीन, ती निदान शेपूट तरी हलवते. सासूबाई म्हणाल्या, तोंड सांभाळ. कोतवालाच्या बायकोला वाईट वाटलं, तिला खरंच कळेना तिचं काय चुकलं. मी पुस्तक फडक्यात गुंडाळून आत न्यायला निघाले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. इतक्या दिवसांत ती सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा बोलली.

"तेच वाच," ती म्हणाली. "शेवटचं. ते ताट घेऊन माघारी येते ते."

बाया भिंतीकडे पाहू लागल्या.

"वाच व बाई," ती पुन्हा म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. "तिनं कसं केलं ते ऐकू दे. मले अजून जमून नाई राह्यलं."

सासूबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी पाट मांडला, फूल वाहिलं, बायांनी तांदूळ ठेवले आणि मला हाताला धरून बसवलं. मी पान काढलं आणि वाचलं.